मारबतीला दिलेलं प्लास्टर

ज्याचा हात किंवा पाय आज प्लास्टरमध्ये आहे, त्यानं पुढचं वाचायच्या आधी आपली बोटं हलवून पाहावी. हलतात का, चिमटा घेतला तर कळतो का, नख दाबलं की पांढरं होऊन पुन्हा लाल होतं का. होत नसेल तर हे वाचत बसू नका. दवाखान्यात जा, आणि कोणी 'उद्या या' म्हटलं तर दारातच बसून राहा. माझं सांगून होईपर्यंत तुमचा हात थांबणार नाही.

हे मी डाव्या हातानं लिहिते आहे. उजव्या हाताची बोटं तळहाताकडे वळून बसली आहेत. त्यांत झाडूचा दांडा अडकतो, पेन अडकत नाही. आम्ही ढिवर, तलावातल्या मासळीवर जगणारे. आमच्या आळीत चौथी पास झालेली बाई मी एकटीच, आणि त्याचा मला लगित, म्हणजे भलताच, तोरा होता. तो तोराच मला नडला, हे आधीच कबूल करते. पण तोरा करणाऱ्याचा हात निकामी करावा असा कुठं कायदा नाही.

मोड

श्रावण लागायचा होता. पाऊस झाला की तलावाच्या सांडव्यावरून पाणी उतरतं आणि त्या पाण्याला मासे चढतात. तिथं बांबूची पिंजरी लावायची आणि सकाळी उचलायची, हे आमचं पावसाळ्यातलं काम. त्या दिवशी पिंजरी उचलताना शेवाळावरून पाय सरकला आणि मी उजव्या हातावर पडले. मनगट आणि कोपर यांच्या मधोमध हात वाकला. तिथं सांधा नसतो, एवढं मला कळत होतं.

माझी सासू मोडलेली हाडं बांधते. मी तिला आत्याबाई म्हणते, आणि ती खरंच माझी आत्या, माझ्या बापाची सख्खी बहीण. मोहाच्या झाडावरून पडलेला, बैलानं फेकलेला, असा पाच-सात गावांचा माणूस तिच्याकडे येतो. ती हात नुसता चाचपते, सावरीचा कापूस गुंडाळते आणि वरून बांबूच्या कामट्या बांधते. दर दोन दिवसांनी सोडून पाहते, पुन्हा बांधते.

"बस इथी. बांधून देते," ती म्हणाली.

"नाई आत्याबाई. आता सरकारी दवाखाना हाये. कामट्या-बिमट्या जुन्या झाल्या," मी म्हणाले.

तिनं काढलेला कापूस परत ठेवला. मग म्हणाली, "तुले वाटते तं जाय बाई. हात तुया हाये."

आमचे मालक दशरथ, आत्याबाईचा एकुलता एक लेक. त्यांनी शेजाऱ्याची बैलबंडी मागून आणली आणि आम्ही तालुक्याच्या गावी गेलो. सहा कोसांच्या चिखलात बंडीचा एकेक हादरा हाडात शिरत होता. तरी मी मनात म्हणत होते, स्वराज्यातला दवाखाना आहे, तिथं पोचले की झालं.

पांढरा हात

डॉक्टरची खुर्ची रिकामी होती. साहेब रजेवर, सोमवारी येणार. होता तो कंपाउंडर. इस्त्रीचा पांढरा कोट, कानावर पेन्सिल. गावोगावचे लोक त्याला छोटे डॉक्टर म्हणत आणि तो म्हणू देत असे.

"तुमाले येते का भाऊ हे?" दशरथनं विचारलं.

"साहेबाच्या मांगं उभा राहून दहा साल पाहून राह्यलो. आनखी काय पायजे?"

कंपाउंडर वाईट माणूस होता असं मी म्हणत नाही. त्यानं हसत हसत बोलत काम केलं. हात ओढून सरळ केला, तेव्हा मी खाटेचा गज चावला. मग ओल्या पट्ट्यांवर पट्ट्या, बोटांच्या मुळापासून कोपराच्या वरपर्यंत. प्लास्टर सुकताना ऊन लागतं, बरं वाटतं. शेवटी त्यानं बोटानं टकटक वाजवून पाहिलं.

"एकदम फिट," तो म्हणाला.

फिट. तो शब्द अजून कानात आहे. हात तर सुजायला आत्ता कुठं लागला होता. सुजेला जायला जागाच ठेवली नव्हती. पण मला काय माहीत. मी तो पांढरा हात पदरावर ठेवून सगळ्या वॉर्डाला दाखवत बसले. सोमवारपर्यंत इथंच राहा, असं सांगून त्यानं मला खाट दिली.

तीन दिवस

वॉर्डात सहा खाटा. सकाळी फरशी पुसली जायची, मग सगळ्यांना एकाच शिशीतलं लाल औषध. ताप असो, खरूज असो, मोड असो, लाल औषध. मग कंपाउंडर वही घेऊन खाटेखाटेवर यायचा, पेन्सिल कानावरून काढून काहीतरी लिहायचा.

पहिल्या संध्याकाळीच बोटं वांग्यासारखी झाली, रंगानंही आणि टणकपणानंही. दुखणं मोडीचं नव्हतं. मोडीचं दुखणं मला सकाळपासून ओळखीचं झालं होतं. हे दुसरंच होतं, आतून कोणी पिळा घालत असल्यासारखं.

"भाऊ, बोटं सुजली. ढिलं करून द्या ना."

"मोडलं हाये तं दुखनारच. लाल औषध घे."

दुसऱ्या दिवशी बोटांना मुंग्या आल्या. मी पुन्हा सांगितलं. तो वहीत लिहून पुढच्या खाटेकडे गेला. जाता जाता दशरथला म्हणाला, "बायकांले सहनच होत नाई." आणि दशरथ हसला. हे मी त्याला अजून माफ केलेलं नाही. तो हे वाचेल तेव्हा पुन्हा कळेल त्याला.

शेजारच्या खाटेवर एक गोंड बाई तापलेली लेक घेऊन होती. तिला मराठी येत नव्हतं, मला गोंडी येत नाही. तिनं माझी बोटं आपल्या हातात घेतली, गालाला लावून पाहिली आणि मान हलवली. मग लेक झोपली की ती येऊन माझ्या बोटांवर तोंडाची वाफ सोडायची, हळूहळू चोळायची. बोटं गार पडली आहेत, हे त्या दवाखान्यात तिलाच कळलं. तिचं नावही मला विचारता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुखणं थांबलं. मला आनंद झाला. मी कंपाउंडरला सांगितलं, तोही म्हणाला, "पाह्य, म्हंतलो होतो ना." मग मी बोटाला चिमटा घेतला आणि काही कळलं नाही. सुई टोचली, काही कळलं नाही. नखं काळी पडली होती. दुखणं थांबलं याचा अर्थ बोटं मरायला लागली होती. मी ओरडले. सगळा वॉर्ड गोळा झाला.

तेव्हा कंपाउंडर घाबरला. त्याच्या तोंडावर मी ते पाहिलं. आत गेला, एक लिहिलेला कागद घेऊन आला.

"कापून देतो. पन साहेब नाई, तं कागद घ्या लागते. अंगठा दे."

उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून डावा अंगठा. मला वाचता येत होतं, आयाबायांनो. चौथी पास. कागद डोळ्यासमोर होता आणि मी वाचला नाही. वाचायला मागितलं तर त्याला राग येईल, आणि रागावला तर कापणार नाही, एवढंच डोक्यात. अंगठा उमटताच त्यानं कागद घडी करून खणात टाकला आणि म्हणाला, "सोमवारी साहेब येऊन कापतीन. माह्या हातानं नाई होत."

माझ्या आयुष्यात मी कोणाला शिवी दिली असेल तर त्या दिवशी, त्याला. दशरथनं मला उचललं आणि बंडीत घातलं. निघताना त्यानं काउंटरवरून चिठ्ठी आणि लाल औषधाची शिशी मात्र घेतली. सवय.

तलावात

 आत्याबाई 'म्हंतलं होतं ना' असं म्हणाली नाही. तिनं मला तलावात नेलं, खांद्यापर्यंत हात पाण्यात बुडवून बसवलं, प्लास्टर मऊ पडेपर्यंत. मग बांबू फोडायच्या सुरीनं लांबीत चिरत आणलं. ती चिरत होती आणि रडत होती. तिचं नाक गळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

कवच दोन बाजूंना उघडलं, तेव्हा माझ्या हाताचे केस आतल्या बाजूला चिकटून उपटून आले. खाली फोड, आणि पट्टीचा एकेक वळ कातड्यात रुतलेला.

"कापूस काऊन नाई लावला?" ती स्वतःशीच म्हणाली. "येवढा मोठा दवाखाना. बोटभर कापूस नाई त्यायच्याकडे?"

दुपारपर्यंत बोटांना रंग आला. हात कापावा लागला नाही, तो तिच्यामुळं. पण बोटांत जीव आला तो अर्धाच. तिनं सावरीचा कापूस लावून कामट्या सैल बांधल्या, हाड जुळलं, सरळ जुळलं. बोटं मात्र रोज थोडी थोडी आत वळत गेली. जाळ्याची गाठ मारणारा हात होता तो. मी सकाळी उठले की आधी बोटं मोजावीत तशी पाहायचे, आज किती वळली.

घरात भांडणं सुरू झाली. दशरथ म्हणे, "दवाखान्यात जातो, हे मी म्हंतलं होतं का?" मी म्हणे, "हसलं कोन होतं?" आत्याबाई दोघांनाही जेवायला वाढायची आणि बाहेर जाऊन बसायची.

घेऊन जा

पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी दाराशी पळसाच्या फांद्या लावतात. दुसऱ्या दिवशी पहाटं उठून त्या फांद्या आणि घरातली वर्षभराची पीडा, तुटकी केरसुणी, आजाऱ्याच्या चिंध्या, गावाच्या शिवेवर नेऊन मारबतीला देतात. रोगराई घेऊन जा गे मारबत, असं ओरडत जायचं, ढिगाला आग लावायची आणि मागं न पाहता परत यायचं. मारबतीला दिलेली वस्तू पुन्हा शिवेच्या आत आणायची नाही. आणली तर आजार परत येतो, एकट्याच्या नाही, सगळ्या गावाच्या घरी.

आत्याबाईनं प्लास्टरची दोन्ही टरफलं काढली, शिशी काढली, चिठ्ठी काढली.

"जाऊ दे हे घरातून," ती म्हणाली.

आणि मी माझ्या डाव्या हातानं ते सगळं ढिगावर टाकलं. सगळ्यात मोठ्यानं ओरडले मीच. मला वाटलं, संपलं.

कोणावर काही अन्याय झाला असेल, विशेष करून दवाखान्यात, तर आजाराची एकही वस्तू टाकू नका. चिठ्ठी, शिशी, पट्टी, काही नाही. मन म्हणतं, नको ते डोळ्यासमोर. गाडग्यात घालून तोंड बांधून ठेवा, पण ठेवा. आम्ही आमचा साक्षीदार आपल्या हातानं जाळायला दिला.

कोणी बांधल्या ह्या

भादव्यात मी डॉक्टरला हात दाखवायला गेले. रजेवरून आलेला, शिकलेला माणूस, चांगला बोलेल असं वाटलं. त्यानं कामट्या सोडायला लावून हात उलटासुलटा केला.

"या कामट्या कोणी बांधल्या होत्या?"

"माह्या सासूनं." मी खरं बोलले. का नाही बोलणार?

"मग हात त्यांनीच घालवला. आता माझ्याकडे कशाला आलीस? सरकार दवाखाने काढतं आणि तुम्ही लोक अडाणी बायकांकडून बांबू बांधून घेता." त्यानं खणातून घडी केलेला कागद काढला आणि वाचला. मी प्लास्टर माझ्या मर्जीनं काढून नेत आहे, पुढं काही झालं तर जबाबदारी माझी. खाली माझा अंगठा, स्वच्छ, एकेक रेघ दिसत होती.

"डॉक्टरसाहेब, मी तीन दिवस सांगून राह्यली होती का ढिलं करा."

"चिठ्ठी आहे?"

चिठ्ठी मारबतीला दिली, हे सांगितल्यावर तो हसला. हसला, आणि त्यानं पोलीस ठाण्यात कळवलं. विनापरवाना इलाज करून सुनेचा हात निकामी केला म्हणून, माझ्या आत्याबाईच्या नावानं. पंधरा दिवसांनी कोतवालाबरोबर शिपाई आला. बोलावणं आलं की ठाण्यात हजर राहायचं, आणि आजपासून कोणाचं हाड बांधायचं नाही.

त्या संध्याकाळी मोहाच्या झाडावरून पडलेल्या एका माणसाला घरचे घेऊन आले. आत्याबाई दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मले मनाई हाये बाप्पा." ते परत गेले. ती आत येऊन चुलीपुढं बसली. सत्तरीकडे झुकलेली बाई, जिनं माझा हात तोडण्यापासून वाचवला, ती गुन्हेगार, आणि 'फिट' म्हणणारा कोट घालून उभा. मी त्या दिवशी ठरवलं की हात गेला तो गेला, पण हे नाव मी तिच्यावर राहू देणार नाही.

वडशाची डॉक्टरीणबाई

दशरथ वडशाच्या बाजाराला मासळी नेतो. तिथं नोकरीतून निवृत्त झालेली एक डॉक्टरीणबाई भावाकडे राहत होती आणि आमचं गिऱ्हाईक होती. पहिल्यांदाच दशरथ स्वतःहून म्हणाला, "चाल, तिले दाखवू." तो हसला होता त्याचं त्याला लागत होतं, एवढं मला समजलं.

तिनं हात पाहिला, वळ पाहिले आणि चष्मा काढला.

"हे कामटीनं होत नाही. हे घट्ट गोल प्लास्टरनं होतं. तिसऱ्या दिवसापर्यंत थांबायचंच नसतं. पहिल्या तक्रारीला चिरायचं असतं."

मी रडले. किती दिवसांनी कोणी तरी म्हटलं होतं की मी खोटं बोलत नाही.

"रडून घे," ती म्हणाली, "मग ऐक. मी पाहिलं ते मी लिहून देते. तुझी चिठ्ठी जळली, पण तू खाटेवर होतीस. त्याची वही दवाखान्यात असते, ती जळलेली नाही. चांद्याला जिल्ह्याच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांना अर्ज कर, त्यात लिही की वही मागवा. कोणत्या दिवशी काय झालं, कोण काय बोललं, एवढंच लिही. शिव्या लिहू नकोस."

"एक पन नाई?"

"एक पण नाही. तुझा राग खरा आहे, पण शिवी वाचली की ते अर्ज खाली ठेवतात. नक्कल ठेव आणि पोच घे. आणि ते प्लास्टर असतं तर फार बरं झालं असतं."

प्लास्टर जळतं का, मी विचारलं. ती म्हणाली, "चुना जळतो का?"

शिवेवर

आम्ही तिथून थेट शिवेवर गेलो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पाऊस होता, ढीग अर्धवटच जळला होता. राखेच्या चिखलात एक टरफल फुटून गेलेलं, पण दुसरं कडेला पडलं होतं. एका अंगानं काळं, बाकी शाबूत. आतल्या बाजूला माझे केस तसेच चिकटलेले. मी ते उचलायला वाकले आणि हात मागं घेतला.

घरी येऊन आत्याबाईला सांगितलं.

"नाई," ती म्हणाली. "मारबतले देल्लं ते परत आनाचं नाई."

"आत्याबाई, त्याच्याबिगर तुमी सुटत नाई."

"मी ठान्यात जाईन. पन गावातले पोट्टे आजारी पडले तं कोनाले तोंड दाखवू? उद्या कोनाच्या घरी देवी निंगाली तं म्हंतीन, ढिवरायच्या बुढीनं आपल्या जिवासाठी शिवेतलं उचलून आनलं."

मी चिडले. वाट्टेल ते बोलले. हा सगळा अडाणीपणा आहे, डॉक्टर म्हणतो ते खरंच आहे, असंसुद्धा बोलले. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "तू दवाखान्याले मानलं, मी तुले अडवलं का? मी मारबतले मानते. तू मले अडवून राह्यली."

 शेवटी दशरथ म्हणाला, "प्लास्टर आत आनता येत नाई ना? तं मोठ्या साहेबाले भायेर नेऊ."

मग आम्ही टरफलावर एक मोठं गाडगं पालथं घातलं, वर दगड ठेवला. अर्ज मी डाव्या हातानं लिहिला, तीन वेळा फाडून चौथ्यांदा. शेवटी लिहिलं की पुरावा गावच्या शिवेवर आहे आणि आमच्या रिवाजानं तो आत आणता येत नाही, तरी साहेबांनी तिथं येऊन पाहावा. डॉक्टरीणबाईचा कागद जोडला, नक्कल ठेवली, रजिस्टर टपालानं पाठवला. पोच आली ती मी पेटीत ठेवली. मग दोन महिने काही नाही. आणखी एक अर्ज. मग आले.

पळसाखाली चौकशी

मोठे साहेब जीपनं आले, बरोबर तो डॉक्टर, कंपाउंडर आणि एक कारकून. कोतवालानं जीप शिवेवरच थांबवली. पळसाखाली आमची बाज टाकली होती. साहेबाला वाटलं असेल, हा काय तमाशा आहे. पण उतरला, बसला. सगळं गाव शिवेच्या आतल्या अंगाला उभं होतं.

दशरथनं गाडगं उचललं. साहेबानं टरफल स्वतःच्या हातात घेतलं, आतून बाहेरून पाहिलं, केसांवरून बोट फिरवलं. मग माझा हात घेऊन त्यात बसवून पाहिला. माझा हात आता वाळून काडी झाला आहे. तरी ते अंगालाच लागलं.

"आत कापूस नाही?" त्यानं कंपाउंडरला विचारलं.

कंपाउंडर म्हणाला, संपला होता.

"हाताले कापूस लावल्याबिगर आमी कामटी सुदा लावत नाई," आत्याबाई मधेच बोलली. कोणी तिला विचारलं नव्हतं. "सावरीचा असते, रानात फुकट भेटते. यायनं मले सांगतलं असतं तं पोतंभर पाठवला असता."

साहेबानं वही मागवली होती. ती उघडून त्यानं मोठ्यानं वाचलं. पहिला दिवस, बोटे सुजली, लाल मिश्रण. दुसरा दिवस, मुंग्या, लाल मिश्रण. तिसरा दिवस, वेदना थांबल्या, प्रकृती समाधानकारक. कंपाउंडरच्याच अक्षरात. मी जे जे सांगितलं ते ते त्यानं लिहिलं होतं. लिहिलं आणि केलं काही नाही. तेव्हा मला खऱ्या अर्थानं राग आला. तोवर मला वाटायचं, त्याला ऐकूच आलं नसेल.

डॉक्टर मान खाली घालून उभा होता. "रजेवर होतो," एवढंच म्हणाला.

"रजेवरून आल्यावर ही वही वाचलीत?" साहेबानं विचारलं.  त्याच्या आधी मी बोलले, "वही नाई वाचली, अंगठ्याचा कागद वाचला."

कारकुनानं जबाब लिहिला आणि शाईचं पॅड पुढं केलं.

"अंगठा नाई," मी म्हणाले. "आधी वाचते."

 मी बाजेवर बसून सगळा कागद वाचला. हळू वाचते, वेळ लागला. त्यात एक ओळ होती, रुग्ण व तिची सासू अडाणी असल्याने वेळेवर तक्रार करू शकल्या नाहीत. मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे खोडा. तीन दिवस तक्रार केली, वहीत हाये. हे राहीन तं मी सही करत नाई."

कारकून साहेबाकडे पाहू लागला. साहेबानं स्वतः पेन घेऊन ओळ खोडली आणि खोडलेल्याच्या बाजूला आपली सही केली. मग मी डाव्या हातानं माझं नाव लिहिलं. वाकडं आलं, पण आलं.

बदली

आत्याबाईवरचं प्रकरण मिटलं. ती पुन्हा हाडं बांधते. त्या निकालाची नक्कल मी मागून घेतली, पेटीत आहे. पुढच्या पोळ्याला आत्याबाईनं स्वतः पेटीला हात लावून सांगितलं, "यातलं काई मारबतले द्याचं नाई."

कंपाउंडरला काय झालं, ते वडशाच्या डॉक्टरीणबाईकडून कळलं. ताकीद आणि बदली. कुठं? सिरोंच्याच्या बाजूला, पार जंगलात, जिथून दुसऱ्या दवाखान्यात जायला पावसाळ्यात वाटच नसते. तिथं डॉक्टर महिन्यातून एकदा येतो, बाकी दिवस हाच.

मला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. गेला इथून. घरी येऊन चुलीपुढं आत्याबाईला सांगितलं. ती भाकर थापत होती. हात थांबला.

"मंजे आपन त्याले दुसऱ्याच्या शिवेत टाकलं," ती म्हणाली.

मला ती गोंड बाई आठवली, माझ्या बोटांवर वाफ सोडणारी. तिची माणसं त्याच बाजूची असतील, नसतील. तिला तर 'ढिलं करा' हेसुद्धा त्याला कळेल अशा बोलीत म्हणता येणार नाही.

"ल्ह्याचा कागद हाये का घरात?" आत्याबाईनं विचारलं.

होता. मी अर्ज लिहिला, शिवी एक पण नाही. या माणसाच्या हातून प्लास्टर घालून घेऊ नये, तसा हुकूम काढावा, आणि प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर, वाचणाऱ्याला मराठीत आणि न वाचणाऱ्याला चित्रानं, सांगावं की बोटं सुजली, मुंग्या आल्या की प्लास्टर लगेच चिरून मागा. पोच आली. उत्तर आलं नाही. दुसरा पाठवला, त्याचीही पोच आहे.

हे लिहून झालं की तिसरा लिहायला घेते.